अणुवीज हवी, पण कुठे आणि कशी? (तारापूर, जैतापूर आणि आपण)

भारवाहक | सोमवार, रात्री ९:१५

वीजबिलाच्या धाग्यावर अणुऊर्जेचा विषय निघाला आणि दहा प्रतिसादांत चर्चा दोन टोकांना जाऊन बसली. तिथे विषयांतर नको म्हणून हा वेगळा धागा.

आधी मी कुठून बोलतोय ते सांगतो. माझी सगळी नोकरी वीज खात्यात गेली, त्यातली अखेरची बारा वर्षे लोड डिस्पॅचला, म्हणजे कोणत्या केंद्राने कधी किती वीज द्यायची ते सांभाळणाऱ्या विभागात. समोर भिंतभर पडदा, त्यावर केंद्राकेंद्राचे आकडे आणि कोपऱ्यात वारंवारता. ती ५० हर्ट्झच्या आसपास राहावी म्हणून आम्ही पाळीपाळीने जागायचो. सगळ्यांत अवघड वेळ दिवेलागणीची. मागणी चढत जाते आणि हाताशी काय आहे याचा हिशेब मिनिटामिनिटाला करावा लागतो. कोयना हाक मारली की धावून येते, पण तिचे पाणी मोजके. पश्चिमेकडे वीजनिर्मितीसाठी वळवायला वर्षाला ६७.५ टीएमसी, त्यावर नाही. म्हणून कोयना अडीनडीला वापरायची, रोजचा संसार कोळशावर. त्या पडद्यावर तारापूरचा आकडा मात्र पहाटे तीनला जेवढा, तेवढाच भर दुपारी, तेवढाच आषाढातल्या पावसात. आमच्यातला एक ज्येष्ठ सहकारी म्हणायचा, तारापूरकडे बघायची गरज पडत नाही हेच तारापूरचे काम.

तारापूरची पहिली दोन यंत्रे २८ ऑक्टोबर १९६९ पासून व्यापारी तत्त्वावर वीज देऊ लागली. यंत्रे अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकची. क्षमता प्रत्येकी २१० मेगावॉट, पुढे ती १६० वर आणली. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर अमेरिकेने इंधनाचा हात आखडता घेतला, तेव्हा आधी फ्रान्स, मग चीन, मग रशिया असे करत इंधन मिळवले आणि केंद्र चालू ठेवले. कित्येक वर्षे त्या विजेचा दर युनिटला एक रुपयाच्या आसपास होता. २०२० मध्ये ती दोन्ही यंत्रे मोठ्या दुरुस्तीसाठी थांबवली, म्हणजे पन्नास वर्षे सेवा झाल्यावर. शेजारची तीन आणि चार क्रमांकाची यंत्रे आपल्या लोकांनी उभारलेली, प्रत्येकी ५४० मेगावॉटची. चौथे २००५ ला आणि तिसरे २००६ ला सुरू झाले.

मी अणुविजेच्या बाजूचा आहे आणि ते लपवत नाही. देशाच्या एकूण विजेत तिचा वाटा जेमतेम ३ टक्के. सरकारने २०४७ पर्यंत १ लाख मेगावॉटचे उद्दिष्ट ठेवले आहे, आज आपण ९ हजारांच्याही आत आहोत. जैतापूरला १,६५० मेगावॉटच्या सहा अणुभट्ट्या, एकूण ९,९०० मेगावॉट ठरल्या. २०१० मध्ये पर्यावरण मंजुरीही मिळाली, पण अजून पाया घातलेला नाही.

माझा प्रश्न असा: सुरक्षितता सिद्ध केली तर आपला विरोध मावळेल का? की विरोध मुळात दुसऱ्याच कशाला आहे? जवळून पाहिलेल्यांनी लिहावे.

कातळसडा | सोमवार, रात्री १०:४०

भारवाहक काका, प्रामाणिक लिहिलेत म्हणून मीही तसेच लिहितो. मी राजापूर तालुक्यातला. माडबन, मिठगवाणे, करेल, निवेली ही माझ्यासाठी सोयऱ्याधायऱ्यांची गावे आहेत.

प्रकल्पासाठी सुमारे ९३८ हेक्टर जमीन घेतली. त्यातल्या बऱ्याचशा जमिनीबद्दल तेव्हा एकच शब्द ऐकू यायचा, ओसाड. सडा, म्हणजे आमचे कातळाचे पठार, कधी पाहिलाय का तुम्ही श्रावणात? उन्हाळ्यात काळा कातळ दिसतो हे खरे, पण पहिल्या सरींनंतर तिथे गुडघाभर गवत होते, खोलगट जागेत नाचणी-कुळीथ होतो, आणि कातळ फोडून माती भरून लावलेली हापूसची कलमे तर तुम्ही बाजारात चवीने खाता. माणसाला त्याच्या जमिनीबद्दल पहिलेच वाक्य चुकीचे ऐकवले की पुढची शंभर बरोबर वाक्ये त्याच्या कानांत शिरत नाहीत. फ्रान्सची भट्टी किती मजबूत, भिंत किती जाड, हे सगळे त्यानंतर आले.

१८ एप्रिल २०११ ला प्रकल्पाशेजारच्या नाटे गावात पोलिसांचा गोळीबार झाला आणि एक तरुण मच्छीमार गेला. फुकुशिमा होऊन तेव्हा पाच आठवडे झाले होते. त्या दिवसानंतर आमच्याकडे हा विषय विजेचा राहिला नाही.

भरपाई पुढे वाढली, २०१३ मध्ये हेक्टरी साडेबावीस लाखांपर्यंत गेली आणि बहुतेक खातेदारांनी ती घेतली. त्यावरून 'विरोध पैशांसाठीच होता' असे म्हणणारे भेटतात. मला ते लागते. जमीन तर आधीच गेली होती. पैसे नाकारून काय परत मिळणार होते?

तुमच्या प्रश्नाचे माझ्यापुरते उत्तर: सुरक्षितता सिद्ध करा, पण ती कोणासमोर करता तेही महत्त्वाचे.

मूलद्रव्य | मंगळवार, सकाळी ७:०५

मी कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवते. मुले दर वर्षी विचारतात, "मॅडम, अणुभट्टी बाँबसारखी फुटते का?" नाही फुटत. युरेनियमच्या बाँबला जवळजवळ शुद्ध युरेनियम २३५ लागते. निसर्गातल्या युरेनियममध्ये ते शेकडा ०.७ असते, आणि तारापूरची तिसरी-चौथी भट्टी तेच नैसर्गिक युरेनियम जड पाण्यात ठेवून चालवते. (हे जड पाणी, म्हणजे जड हायड्रोजनचे पाणी, बनवण्याचा एक कारखाना आपल्या अलिबागजवळ थळला आहे.) एक ग्रॅम युरेनियम २३५ पूर्ण भंगले तर साधारण एक मेगावॉटची भट्टी दिवसभर धगधगेल इतकी उष्णता मिळते. म्हणून इंधन इतके थोडे लागते. ७०० मेगावॉटच्या आपल्या बनावटीच्या अणुभट्टीला वर्षाला सुमारे १०० टन.

मग धोका कशाचा? विझवल्यानंतरच्या उष्णतेचा. हे नीट समजून घ्यायला हवे, कारण अणुवीज केंद्रांतले आजवरचे मोठे अपघात समजायचे तर चेर्नोबिल सोडून बाकीचे इथून समजतात. चुलीतली लाकडे बाहेर ओढली तरी निखारे रसरसत राहतात, तसेच भंजन (अणू फुटणे) थांबवले तरी आत तयार झालेली मूलद्रव्ये किरणोत्साराने तापत राहतात. बंद केल्या क्षणी ही उष्णता पूर्ण शक्तीच्या ६ ते ७ टक्के असते. ५४० मेगावॉटच्या यंत्रात एकूण उष्णता १,७०० मेगावॉटच्या घरात, म्हणजे 'बंद' भट्टीतही शंभर मेगावॉटहून जास्त आच. तासाभरात ती दीड टक्क्यावर येते, दिवसभरात अर्ध्या टक्क्यावर. तोवर पाणी फिरतेच ठेवावे लागते. फुकुशिमात भूकंप होताच भट्ट्या बरोबर बंद झाल्या होत्या. पाऊण-एक तासाने लाट आली, तळघरातली डिझेल जनित्रे बुडाली, पाणी फिरवायला वीज उरली नाही आणि तीन भट्ट्यांचे इंधन वितळले.

आपल्याकडेही असा एक दिवस येऊन गेला आहे. ३१ मार्च १९९३, नरोरा, उत्तर प्रदेश. टर्बाईनची पाती तुटली, हायड्रोजनने पेट घेतला, केबली जळाल्या आणि केंद्रातली सगळी वीज गेली. तिथल्या कर्मचाऱ्यांनी आग विझवायचे डिझेलवर चालणारे पंप लावून बाष्पजनित्रांत पाणी सोडले आणि भट्टी थंड ठेवली. किरणोत्सार बाहेर आला नाही. मी हा प्रसंग वर्गात दोन्ही अर्थांनी सांगते: यंत्रणा किती जवळ जाऊन आली, आणि माणसे किती शांत डोक्याने वागली.

कचऱ्याबद्दलही थोडे. तो आकाराने लहान पण आयुष्याने फार मोठा. आपण वापरलेले इंधन फेकून देत नाही, त्यावर पुनर्प्रक्रिया करतो, आणि उरलेला अतितीव्र भाग वितळलेल्या काचेत मिसळून पोलादी डब्यांत बंद करतो. हे काम तारापूरलाही चालते. शेवटी तो खोल खडकात पुरायचा, पण तशी कायमची जागा भारतात अजून नाही. फिनलंडने ओंकालो नावाचे भुयार त्यासाठी खोदले आहे. पालकांनी विचारले तर मी हेच सांगते, 'कचऱ्याचा प्रश्न सुटला आहे' असे सांगत नाही.

वैदर्भी | मंगळवार, सकाळी ९:३०

सगळे कोकणाबद्दल बोलताहेत, म्हणून आमची विदर्भाची बाजू. मी एका औष्णिक केंद्राच्या वसाहतीजवळ वाढलो. आई सकाळी वाळत घातलेले कपडे दुपारी झटकून घ्यायची, कारण त्यावर राख बसलेली असायची. धाकट्या भावाचा दमा आमच्या घरात हिवाळ्यागणिक मोजला जायचा.

१,००० मेगावॉट कोळशावर चालवायचे तर दिवसाला १५ हजार टनांच्या आसपास कोळसा लागतो, म्हणजे रोज मालगाडीचे चार रेक. त्यातला तिसरा हिस्सा ते चाळीस टक्के राख होऊन उरतो. अणुकेंद्रात काही बिघडले तर जगभर बातमी होते आणि व्हायलाच हवी. पण कोळसा काहीही न बिघडता, नेमून दिल्याप्रमाणे चालत असताना माणसे आजारी पाडतो, आणि त्याची बातमी होत नाही.

कातळसडा दादा, तुमच्या दुःखाला कमी लेखत नाही. पण मुंबई-पुण्याच्या विजेसाठी कोणाचे ना कोणाचे अंगण वापरले जातेच आहे आणि पन्नास वर्षे ते आमचे आहे. जैतापूर झाले नाही त्या प्रत्येक वर्षी ती वीज आली कुठून, याचाही विचार व्हावा एवढेच म्हणणे.

तिसरी_पिढी | मंगळवार, सकाळी ११:५०

प्रश्न भाबडा वाटला तर माफ करा. सौर पंपांचे फीडर आता गावोगाव होत आहेत, आमच्याकडे शेतीला दिवसा वीज यायला लागली. सौर इतकी स्वस्त असताना पंधरा-वीस वर्षे लागणाऱ्या अणुकेंद्राच्या मागे का लागायचे?

भारवाहक | मंगळवार, दुपारी २:१०

भाबडा अजिबात नाही, नेमका प्रश्न आहे. शेतीपंप दिवसा चालवणे ही गेल्या कित्येक वर्षांतली मला सगळ्यांत आवडलेली गोष्ट. रात्री दोनला बॅटरी घेऊन मोटर चालू करायला जाणारा शेतकरी आणि त्या अंधारातले साप मी विसरलेलो नाही.

पण सूर्य मावळतो तेव्हाच आपली मागणी पुन्हा चढते. ती दरी भरायला बॅटऱ्या हव्यात किंवा पाणी वर चढवून ठेवणारी घाटघरसारखी केंद्रे हवीत. घाटघर २५० मेगावॉटचे आहे. सह्याद्रीत अशा आणखी जागा आहेत आणि त्या कराव्यातच. पावसाळ्यात मात्र आठ-आठ दिवस ढग हटत नाहीत, तेव्हा एका रात्रीची साठवण पुरत नाही. तिथे मला तारापूरचा तो न हलणारा आकडा आठवतो.

वेळेबद्दल तुमचे बरोबर आहे. जैतापूरला ज्या ईपीआर या फ्रेंच जातीची भट्टी यायची, तीच फिनलंडमध्ये ओल्किलुओतोला २००५ ला बांधायला घेऊन नियमित वीज द्यायला २०२३ उजाडले. त्या तुलनेत आपल्या ७०० मेगावॉटच्या देशी भट्ट्या मला जास्त भरवशाच्या वाटतात. गुजरातेत काक्रापारला दोन चालू आहेत. लहान मॉड्युलर (कारखान्यात तयार करून जागेवर जोडायच्या) भट्ट्यांची सध्या फार चर्चा आहे, त्यावर मी एखादी आपल्याकडे चालताना पाहीन तेव्हाच बोलेन.

खाडीकाठ | मंगळवार, रात्री ८:२५

मी पालघरच्या किनाऱ्यावरच्या गावातला, मांगेला समाजाचा मच्छीमार. घरात तीन पिढ्या डोल (खांबांना बांधायचे मोठे जाळे) लावतात. बोटीवरून तारापूरचे दिवे दिसतात, रात्री परतताना आम्ही त्यांचा खुणेसारखा उपयोग करतो. म्हणून 'जवळून पाहिलेल्यांनी लिहावे' यात मी बसतो.

काका, तुम्ही विचारलेत की विरोध कशाला आहे. आमच्याकडे किरणांबद्दल रोज कोणी बोलत नाही. इतकी वर्षे शेजार आहे, माणूस शेजाराला सरावतो. तिसऱ्या-चौथ्या यंत्रासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली, पुनर्वसनाचा वाद न्यायालयात गेला, त्याबद्दल आजही जाणती माणसे बोलतात. पण ज्याच्याबद्दल सगळ्यांत कमी लिहिले जाते ते सांगतो.

कातळसडा दादांनी जमिनीचे सांगितले. जमिनीला सातबारा असतो. मोजणी होते, नाव असते, दर ठरतो, कमी वाटला तर भांडता येते. समुद्राला सातबारा नसतो. आमच्या कवी, म्हणजे डोल बांधायच्या खांबांच्या जागा, कुठे मारायच्या, कोणत्या गावाची कव कुठे, हे आजोबा-पणजोबांपासून ठरलेले आहे आणि सगळे पाळतात, पण ते कुठल्याच दप्तरात नाही. उद्या पाण्यात काही बदलले तर आमचे नुकसान झाले हे आम्ही कशाच्या आधारावर सांगणार? आधी किती मिळत होते याचा कागदच नाही.

मी असे म्हणत नाही की मासळी अणुकेंद्रामुळे कमी झाली. ते मला माहीत नाही आणि खोटे बोलणार नाही. पर्ससीनची भलीमोठी जाळी आहे, बारीक आसाची जाळी आहे, कारखान्यांचे पाणी आहे, समुद्रही तापतोय. घोळ, दाढा वडिलांच्या काळात मिळायचा तसा आता मिळत नाही, एवढे दिसते. यातले किती कशामुळे हे वेगळे काढायला आधीचे मोजमाप हवे होते. जैतापूरला अजून काहीच उभे नाही, म्हणजे तिथे ते मोजायची संधी आहे. जैतापूरजवळच्या साखरी नाट्याच्या मच्छीमारांच्या बाजूने मला एवढेच मागायचे आहे.

कातळसडा | मंगळवार, रात्री ८:५०

खाडीकाठ दादा, हे मी इतकी वर्षे शोधत होतो. साखरी नाट्याच्या दालदी समाजाच्या मच्छीमारांची एक इंचही जमीन प्रकल्पात गेली नव्हती, म्हणून 'यांचा काय संबंध' असे तेव्हा विचारले जायचे. आणि सगळ्यांत शेवटपर्यंत तेच उभे राहिले.

मूलद्रव्य | मंगळवार, रात्री १०:३०

मी सकाळी सगळे भट्टीच्या आतले लिहिले, बाहेरच्या पाण्याबद्दल एक ओळ नाही. आता हिशेब मांडते, कोणीही वहीवर पडताळून पाहावा.

अणुकेंद्रात तयार झालेल्या उष्णतेतली साधारण एक तृतीयांशच वीज होते. बाकीची दोन तृतीयांश वाफ थंड करताना पाण्यात जाते. हा कोणाचा हलगर्जीपणा नाही, उष्णतेचा नियमच तसा आहे. कोळशालाही तो लागू आहे, फक्त तिथे काही उष्णता धुराड्यातून वर जाते. म्हणजे १,००० मेगावॉट विजेमागे सुमारे २,००० मेगावॉट उष्णता समुद्राला. एक घनमीटर समुद्राचे पाणी एक अंशाने तापवायला सुमारे ४१ लाख जूल लागतात. पाणी ५ अंशांनी तापवून परत सोडायचे ठरवले तर सेकंदाला ९५ ते १०० घनमीटर पाणी लागेल. ७ अंश चालत असतील तर ७० च्या आसपास.

जैतापूरचे आकडे घालू. ईपीआरची औष्णिक क्षमता सुमारे ४,५९० मेगावॉट, सहांची २७,५०० च्या वर. त्यातून वीज ९,९०० वजा केली की १७,६०० मेगावॉट उष्णता समुद्रात. ५ अंशांच्या हिशेबाने सेकंदाला साडेआठशे घनमीटर. आपल्याकडची एखादी नदी पावसाळ्यात दुथडी भरून वाहते तितका प्रवाह, बारा महिने, कोमट.

हे पाणी किरणोत्सारी नसते. भट्टीतले पाणी आणि समुद्राचे पाणी नळ्यांच्या भिंतींनी वेगळे असते. पण अंडी घालायला काठाशी येणाऱ्या माशाला आणि कोळंबीच्या पिलांना फरक पडतो तो तापमानाचा, आणि पाणी ओढून घेताना जाळीत काय सापडते त्याचा. उधाणाच्या ओढीने ते पाणी किती लांब पसरते, किती लवकर निवते, हे जागेगणिक बदलते. म्हणून जागेवर मोजल्याशिवाय 'काही होत नाही' आणि 'सगळे मरते' ही दोन्ही वाक्ये मला मान्य नाहीत.

उष्णता हवेत सोडायचाही मार्ग आहे. भारवाहक काकांनी ज्या काक्रापारच्या भट्ट्यांचा उल्लेख केला त्यांना उंच शीतक मनोरे आहेत. खाऱ्या पाण्यावर ते महाग पडतात.

ऱ्होनकाठ | बुधवार, पहाटे २:१५

लिओनजवळून लिहितोय, मूळचा साताऱ्याचा. आमच्या घरापासून ब्युजे अणुकेंद्र वीस किलोमीटरच्या आत आहे. इथल्या दोन गोष्टी तुमच्या चर्चेत उपयोगी पडतील.

पहिली. मूलद्रव्य ताईंनी मांडलेला हिशेब इथे दर उन्हाळ्यात बातम्यांत असतो. ऱ्होन आणि गारोन नद्यांचे पाणी तापले की ब्युजे, गोल्फेशसारख्या केंद्रांना वीज कमी करावी लागते, कारण नदीत किती अंशांचे पाणी सोडायचे याला मर्यादा आहे. नदीतल्या माशांसाठी अणुभट्टी मंदावते हे मी पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला खरे वाटले नव्हते.

दुसरी. केंद्राच्या परिसरातल्या घरांना आयोडीनच्या गोळ्या मिळतात. आधी दहा किलोमीटरपर्यंत होत्या, २०१९ पासून वीस. घरी पत्र येते, ते घेऊन औषधाच्या दुकानात जायचे. बायको पहिल्या वेळी घाबरली, म्हणाली हे लोक अपघात होणार असे धरून चालले आहेत की काय. शेजारच्या आजींनी तिला स्वयंपाकघरातल्या खणात ठेवलेली त्यांची डबी काढून दाखवली, वाणसामानाच्या यादीशेजारी ठेवलेली. तिची भीती त्या डबीमुळे कमी झाली.

शिवाय प्रत्येक केंद्रासाठी स्थानिक माहिती आयोग असतो. त्यात निवडून आलेले सदस्य, संघटना, कामगार संघ, जाणकार बसतात. २००६ च्या पारदर्शकतेच्या कायद्याने त्याला पक्के स्थान दिले. केंद्राला त्यांच्या प्रश्नांना उत्तरे द्यावी लागतात.

इथे सगळे सुरळीत आहे असे समजू नका. फ्लामांव्हिलची ईपीआर २००७ ला बांधायला घेतली, २०१२ ला व्हायची ती डिसेंबर २०२४ ला वीजजाळ्याला जोडली गेली. खर्च ३.३ अब्ज युरो सांगितला होता, ईडीएफ या कंपनीच्या हिशेबानेच तो १३.२ अब्जांवर गेला. २०२२ मध्ये नळ्यांना गंज आणि तडे सापडले, कित्येक भट्ट्या एकदम थांबवाव्या लागल्या. जैतापूरसाठी हीच कंपनी, हीच भट्टी. सातारकर म्हणून मला त्या खर्चाची काळजी वाटते, ऱ्होनकाठचा म्हणून गोळ्यांची डबी मात्र तारापूरच्याही घराघरात असावीशी वाटते.

काळीनदी | बुधवार, सकाळी ८:००

कारवारहून. आमच्या कैगा अणुकेंद्राबद्दल भर घालतो. काळी नदीवरच्या कद्रा धरणाच्या जलाशयाकाठी २२० मेगावॉटची चार यंत्रे आहेत. बांधकाम चालू असताना १९९४ मध्ये भट्टीवरच्या घुमटाचा आतला थर कोसळला, पुन्हा आराखडा करून बांधावा लागला. आणि त्याच कैगाचे पहिले यंत्र पुढे ९६२ दिवस न थांबता चालले, ३१ डिसेंबर २०१८ पर्यंत, तेव्हाचा जागतिक विक्रम. दोन्ही गोष्टी आमच्याच आहेत. आमच्या भागाने धरणे दिली, आरमाराचा तळ दिला, अणुकेंद्र दिले. 'अजून किती' हा प्रश्न विचारणाऱ्याला इथे विकासविरोधी म्हणतात, ते थांबावे.

भारवाहक | बुधवार, संध्याकाळी ६:४५

मुद्दाम दिवसभर लिहिले नाही, सगळे प्रतिसाद दोनदा वाचले.

माझे मत बदलले का? अणुवीज हवी हे बदललेले नाही. वैदर्भींच्या घरची राख वाचल्यावर तर नाहीच. पण मी प्रश्नच चुकीचा विचारला होता. मी विचारले, सुरक्षितता सिद्ध केली तर विरोध मावळेल का. बारा वर्षे मी पडद्यावर तारापूरचा आकडा पाहिला, त्या आकड्याच्या दुप्पट उष्णता त्याच क्षणी समुद्रात जाते आहे हे मला पुस्तकातून माहीत होते, पण ती कोणाच्या कवीत जाते हे एकदाही मनात आले नाही. खाडीकाठ, तुम्ही बोटीवरून ते दिवे पाहत होता आणि मी आत बसून तो आकडा. हे मला फार आधी कळायला हवे होते.

आता कामाचे. ऱ्होनकाठ यांनी सांगितलेला स्थानिक आयोग उद्या होणार नाही. पण माहिती अधिकारात अर्ज करता येतो आणि सरकारी भाषेत प्रश्न कसा विचारायचा ते मला येते. मसुदा असा:

तारापूरच्या उपसा आणि विसर्ग वाहिन्यांच्या तापमानाच्या मागच्या दहा वर्षांच्या नोंदी, महिनावार. मंजुरीत तापमानफरकाची जी मर्यादा घातली असेल ती, आणि ती ओलांडली गेली असल्यास तारखा. किनाऱ्यालगतच्या मासळीची पाहणी झाली असेल तर अहवालाची प्रत, मराठीत असल्यास मराठीत. जैतापूरच्या जागेवर आजपर्यंत झालेल्या सागरी पाहणीचे अहवाल.

काही सुटले असेल तर सांगा, शुक्रवारी टाकतो.

कातळसडा | बुधवार, संध्याकाळी ७:२०

विजयदुर्ग आणि जैतापूर या दोन्ही खाड्यांच्या तोंडांचा उल्लेख करा. मासा तिथून आत शिरतो. आणि अर्जावर माझेही नाव घाला.

वैदर्भी | बुधवार, रात्री ८:०५

असाच एक अर्ज राखेच्या बंधाऱ्यांबद्दल करायचा आहे. काका, मसुद्याला मदत कराल का? वेगळा धागा काढतो.

भारवाहक | बुधवार, रात्री ८:१५

काढा. आजच रात्री बसू.

मूलद्रव्य | बुधवार, रात्री ९:००

अर्जाचे उत्तर येईपर्यंत आपण स्वतः मोजायला काय हरकत आहे? खाडीकाठ दादा, तुम्ही जाताच आहात. प्रयोगशाळेतला साधा पाऱ्याचा तापमापी नको, फुटेल. दोरीला बांधता येणारा, जलरोधक, अंकी मिळतो, तो मी पाठवते. बंदी असलेल्या हद्दीत अजिबात जायचे नाही. तिच्या बाहेर दोन जागा ठरवा, एक केंद्राच्या बाजूची आणि एक लांबची, जिथे तुमच्या मते पाणी नेहमीसारखे आहे. दोन्हीकडे एकाच खोलीवर, भरती-ओहोटीची वेळ सारखी धरून. तारीख, तिथी, वेळ, वारा, तापमान एवढे वहीत. माझी बारावीची मुले आलेख काढतील.

खाडीकाठ | बुधवार, रात्री ९:३५

ताई, जागा ठरलेल्या आहेत, वडील अंधारातही नेमक्या काढतात. खोली एक वाव (दोन्ही हात पसरून होते तेवढी) आणि तीन वाव, दोन्ही घेतो. परवापासून उधाण लागते, तेव्हा डोलीला जातोच. भांगाला, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी असतो तेव्हा, फेऱ्या कमी असतात, तेव्हा फक्त यासाठी एक फेरी मारीन, डिझेलचे मी बघतो. गावातल्या आणखी दोन बोटवाल्यांशी बोललो, ते म्हणतात वही प्रत्येक बोटीवर वेगळी ठेवू, मग ताडून पाहू. तापमापी तीन पाठवा.